पेट-सीटीत काही नाही, बायोप्सीत कर्करोग: आता काय मानायचे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

सांगली जिल्ह्यातील एका वाचक भगिनीने वडिलांविषयी लिहिले आहे. वडील ६३ वर्षांचे आहेत. काही महिने पोटाच्या वरच्या भागात जळजळ आणि जेवणानंतर जडपणा जाणवत होता, म्हणून दुर्बिणीने तपासणी झाली. जठराच्या खालच्या भागात सुमारे दीड सेंटिमीटरचा, किंचित खोलगट, लालसर डाग दिसला आणि तिथल्या तुकड्यांचा बायोप्सी अहवाल ‘मॉडरेटली डिफरन्शिएटेड ॲडिनोकार्सिनोमा’, म्हणजे ज्याच्या पेशींत मूळ रचना बऱ्यापैकी टिकून आहे असा कर्करोग, असा आला. छाती व पोटाच्या कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅनमध्ये यकृत स्वच्छ आहे आणि जठराजवळ वाढलेल्या गाठी (लसीकाग्रंथी) नाहीत. पोटविकारतज्ज्ञांनी एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून, शक्य असल्यास दुर्बिणीतूनच तो भाग काढण्याचा सल्ला दिला. पण काकांच्या आग्रहावरून त्याआधी पेट-सीटी, म्हणजे शिरेतून किरणोत्सर्गी द्रव्य टोचून करायचे स्कॅन, झाले. त्याच्या अहवालात जठरात ‘लक्षणीय अपटेक नाही’, म्हणजे ते द्रव्य तिथे फारसे ओढले गेलेले नाही, असे लिहिले आहे, मात्र छातीच्या मध्यभागी दोन-तीन लहान गाठींमध्ये सौम्य ते मध्यम अपटेक असल्याची नोंद आहे. वडिलांना तरुणपणी क्षयरोग झाला होता. काकांच्या मते बायोप्सीत चूक झाली असणार, म्हणून तीन महिन्यांनी पेट-सीटी पुन्हा करून मगच ठरवावे. दादांच्या मते रोग छातीपर्यंत गेला आहे, मग बाबांना ऑपरेशनचा त्रास कशाला द्यायचा? वडिलांना सध्या गोळ्यांनी बरे वाटत आहे आणि त्यांना ‘अल्सर आहे’ एवढेच सांगितलेले आहे. भगिनी विचारतात की एवढ्या महागड्या तपासणीवर विश्वास ठेवायचा की चिमूटभर तुकड्याच्या अहवालावर?

उत्तर

तुमचे काका आणि दादा एकमेकांच्या अगदी विरुद्ध बोलत आहेत असे वरवर दिसते, पण दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे पेट-सीटी ही सर्वांत महाग आणि सर्वांत नवी तपासणी असल्यामुळे तिचा शब्द अखेरचा. काकांनी त्या अहवालातली जठराची ओळ उचलली, दादांनी छातीची. तुमच्या प्रश्नातही तेच गृहीतक आहे, कारण एका बाजूला तुम्ही ‘एवढी महागडी तपासणी’ ठेवली आहे आणि दुसऱ्या बाजूला ‘चिमूटभर तुकडा’. मी तुमच्या वडिलांना तपासलेले नाही, त्यांचे स्कॅन पाहिलेले नाहीत, आणि अखेरचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांशी बोलूनच व्हायला हवा. तरीही दोन गोष्टी मी निःशंकपणे सांगू शकतो. जठराचा कर्करोग अगदी आरंभीच्या अवस्थेत असेल तर तो पेट-सीटीत न दिसणे हे नेहमीचे आहे, आणि त्यामुळे बायोप्सी खोटी ठरत नाही. तसेच छातीतल्या गाठींमध्ये अपटेक दिसला म्हणून रोग पसरला असेही सिद्ध होत नाही, विशेषतः ज्या माणसाला पूर्वी क्षयरोग होऊन गेला आहे त्याच्या बाबतीत.

हे का, ते समजून घेतले तर घरातला वाद निम्मा मिटेल असे मला वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पेट-सीटीत शिरेतून एफडीजी नावाचे द्रव्य टोचतात. ते ग्लुकोजसारखेच असते, फक्त त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू जोडलेला असतो. ज्या पेशींना साखरेची भूक जास्त, त्या हे द्रव्य जास्त ओढून घेतात, पण खऱ्या ग्लुकोजसारखे ते पुढे पचवता येत नसल्यामुळे ते पेशीत अडकून बसते. तासाभराने यंत्र त्यातून निघणारे किरण टिपते आणि शरीराच्या नकाशावर ती जागा उजळलेली दिसते. फ्लोरिन-१८ची मात्रा सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते, त्यामुळे हे सगळे वेळेत उरकावे लागते. म्हणजे पेट-सीटी ‘कर्करोग’ पाहत नाही, ते साखरेचा वापर पाहते. मेंदू रोजच भरपूर साखर वापरतो म्हणून तो प्रत्येक माणसात उजळतो, मूत्राशय उजळते कारण द्रव्य लघवीवाटे बाहेर पडते, आणि सूज किंवा जंतुसंसर्ग असलेली जागाही उजळते, कारण सुजेच्या ठिकाणी जमलेल्या पेशीही भुकेल्या असतात.

आता जठराकडे या. जठराची भिंत स्वतःच थोडे एफडीजी घेते, आणि जळजळ किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे आलेली सूज असेल तर आणखी घेते. त्यामुळे पार्श्वभूमीच मुळात पूर्ण अंधारी नसते. जठर रिकामे असले की त्याच्या घड्या एकमेकींवर दुमडतात, श्वासागणिक ते वर-खाली होते, आणि चित्र थोडे पुसट होते. पण सर्वांत मोठी अडचण आकाराची आहे. तुमच्या वडिलांचा डाग दीड सेंटिमीटरचा आहे ही त्याची रुंदी झाली. जठराचे आतले अस्तर जेमतेम एखादा मिलिमीटर जाड असते, आणि रोग त्या अस्तरापुरता असेल तर त्याची जाडीही तेवढीच असणार. पेट यंत्राला साधारण पाच मिलिमीटरच्या आतल्या गोष्टी नीट वेगळ्या करता येत नाहीत. इतक्या पातळ थराचा उजेड आजूबाजूच्या ऊतींमध्ये मिसळून जातो. रात्रीच्या विमानातून शहराचे दिवे दिसतात, पण एखाद्या अंगणातली पणती दिसत नाही, म्हणून ती विझलेली आहे असे कोणी म्हणणार नाही. याखेरीज जठराच्या कर्करोगाचे काही प्रकार, विशेषतः सिग्नेट रिंग पेशींचा आणि श्लेष्मा साठवणारा, मोठे झाले तरी साखर कमी ओढतात, कारण ग्लुकोज आत घेणारी प्रथिने त्यांच्या पेशींवर कमी असतात. तुमच्या वडिलांचा प्रकार तो नाही, पण ज्या वाचकांच्या अहवालात ‘सिग्नेट रिंग’ किंवा ‘डिफ्यूज टाइप’ असे शब्द आहेत त्यांनी पेट-सीटीच्या मौनावर आणखी कमी विसंबावे.

हे केवळ तर्काने सांगत नाही. जपानमध्ये पूर्ण शरीराचे पेट स्कॅन आरोग्य तपासणीचा भाग म्हणून अनेक वर्षे केले गेले. तिथल्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, कोणतेही लक्षण नसलेल्या २,८०० हून अधिक लोकांची पेट आणि दुर्बीण या दोन्ही प्रकारे तपासणी झाली होती. दुर्बिणीने २० जणांच्या जठरात कर्करोग सापडला आणि त्यांतले पेटला दिसले अवघे २. बाकीच्या १८ जणांनी केवळ पेटवर भिस्त ठेवली असती तर त्यांच्या हाती काकांच्या हाती आहे तसाच ‘स्वच्छ’ अहवाल आला असता. अमेरिकेतील उपचार-मार्गदर्शक तत्त्वांमध्येही टी-१, म्हणजे अगदी वरच्या थरांपुरत्या रोगासाठी पेट-सीटी योग्य ठरेलच असे नाही, अशी स्पष्ट नोंद केलेली आहे. त्यामुळे पोटविकारतज्ज्ञांनी ही तपासणी आधी सुचवली नाही यात त्यांचा हलगर्जीपणा नव्हता. त्यांनी विचारपूर्वकच ती टाळली असावी.

आणि चिमूटभर तुकडा? त्या तुकड्यात पेशी प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या जातात. एवढा थेट पुरावा दुसरी कोणतीही तपासणी देत नाही. बायोप्सीत चूक होतच नाही असे मी म्हणणार नाही. नमुन्यांची अदलाबदल होऊ शकते, तीव्र सुजेमुळे बदललेल्या पेशी कधी फसवतात, आणि ‘हाय ग्रेड डिस्प्लेसिया’ (कर्करोगाच्या आधीची अवस्था) म्हणायचे की कर्करोग, यावर पॅथॉलॉजिस्टांमध्ये मतभेद होतात. म्हणजे काकांची शंका अप्रामाणिक नाही, फक्त तिचे उत्तर ते चुकीच्या ठिकाणी शोधत आहेत. बायोप्सीविषयीच्या शंकेचे उत्तर बायोप्सीच्या स्लाइडमध्ये असते. ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तिथे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड जपून ठेवलेले असतात, ते लेखी अर्ज करून मागता येतात, आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या कर्करोग केंद्रात किंवा जठर-आतड्याच्या पॅथॉलॉजीचा अनुभव असलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाकडे फेरतपासणीसाठी देता येतात. याला तीन महिने लागत नाहीत, आणि शरीरात पुन्हा किरणोत्सर्गही जात नाही. दुसऱ्या तज्ज्ञानेही तेच निदान दिले तर काकांनी ते मान्य करावे, हे फेरतपासणीआधीच त्यांच्याशी बोलून ठरवा.

बाबांना गोळ्यांनी बरे वाटते, हा तुमच्या घरातला तिसरा, न बोललेला युक्तिवाद आहे असे मला पत्र वाचताना जाणवले, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्यांनी आरंभीच्या कर्करोगावरची जखमही काही काळ भरून येऊ शकते. दुर्बिणीतून ती जागा जवळजवळ सपाट दिसू लागते, जळजळ थांबते, आणि रोग मात्र अस्तरात राहतो. म्हणून लक्षण थांबणे हा पुरावा धरू नका, आणि स्लाइडची फेरतपासणी होईपर्यंत ‘आता बरे आहे ना’ म्हणून पुढची तारीख लांबवू नका.

तीन महिने थांबण्याचा प्रश्न मी दोन भागांत पाहतो. हा रोग एका रात्रीत पसरणारा नसतो. जपानमध्ये ज्या रुग्णांनी काही कारणाने उपचार घेतले नाहीत किंवा उशिरा घेतले, अशा आरंभीच्या कर्करोगाच्या रुग्णांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा रोग आरंभीच्या अवस्थेत राहण्याचा मध्यम काळ ४४ महिने निघाला. पण पाच वर्षांत पुढच्या अवस्थेत जाण्याची शक्यता ६० टक्क्यांहून अधिक होती. याचा अर्थ असा की स्लाइड दुसऱ्यांदा पाहून घेण्यासाठी, चांगले केंद्र निवडण्यासाठी काही आठवडे घेतले तर तुम्ही गुन्हा करत नाही, घाईघाईने कुठेही ऑपरेशन उरकण्याची गरज नाही. पण जी तपासणी आज आंधळी आहे तीच तीन महिन्यांनी पुन्हा करण्यासाठी थांबणे म्हणजे वेळ निव्वळ वाया घालवणे आहे. पेट-सीटीत डाग दिसू लागेल तेव्हा रोग कदाचित दुर्बिणीतून काढण्याच्या पलीकडे गेलेला असेल. तो दिसेपर्यंत थांबणे आपल्याला परवडणारे नाही.

आता दादांची भीती. छातीच्या मध्यभागातील गाठी उजळल्या, त्यांना वाटले चौथी अवस्था. ही भीती आपल्या देशात अनेक घरांत विनाकारण मुक्कामाला येते. क्षयरोग होऊन गेलेल्या माणसाच्या छातीतल्या गाठींमध्ये सुजेच्या पेशी वर्षानुवर्षे थोड्या कार्यरत राहू शकतात, आणि त्या एफडीजी घेतात. चालू क्षयरोगातही गाठी उजळतात, सार्कॉइडोसिससारख्या आजारातही. अपटेकचा आकडा, ज्याला अहवालात ‘एसयूव्ही’ म्हणतात, तो एकटा पाहून कर्करोगाची गाठ आणि क्षयाची गाठ वेगळी ओळखता येत नाही. आता रोगाच्या वाटेचाही विचार करा. जठराचा कर्करोग लसीकामार्गे पसरतो तेव्हा तो सर्वसाधारणपणे आधी जठराला लागून असलेल्या गाठींत जातो. दीड सेंटिमीटरचा वरवरचा डाग, जठराजवळ सीटीत एकही वाढलेली गाठ नाही, यकृत स्वच्छ, आणि रोग मधली सगळी ठाणी ओलांडून थेट छातीत, ही गोष्ट फारच असंभाव्य आहे. सीटीच्या चित्रात त्या गाठींत कॅल्शियम साठलेले असेल किंवा त्या दोन्ही बाजूंना सारख्या असतील, तर जुन्या क्षयरोगाकडे बोट अधिक स्पष्टपणे जाते.

असंभाव्य म्हणजे अशक्य नव्हे, म्हणून ती ओळ दुर्लक्षित करा असे मी सांगणार नाही. पेट-सीटीची सीडी आणि पूर्वीच्या क्षयरोगाचे जुने कागद किंवा छातीचे जुने एक्स-रे घरात कुठे असतील तर ते घेऊन छातीच्या डॉक्टरांना दाखवा. खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे आहे का, हे ते विचारतील, लागल्यास थुंकीची तपासणी करतील. त्यांना खरोखर शंका वाटली तर श्वासनलिकेतून सोनोग्राफीची दुर्बीण घालून त्या गाठींतून सुईने नमुना घेता येतो. महत्त्वाचे हे की नमुन्याविना कोणीही ‘रोग पसरला’ असा शिक्का मारू नये, आणि नमुन्याविना किंवा ठोस कारणाविना क्षयरोगाच्या गोळ्याही केवळ समाधानासाठी सुरू करू नयेत. बऱ्या होऊ शकणाऱ्या माणसाला एका उजळलेल्या ठिपक्यामुळे उपचारापासून दूर ठेवणे ही या तपासणीने होऊ शकणारी सर्वांत मोठी हानी आहे, आणि तुमचे दादा मायेपोटीच तिच्या अगदी जवळ पोहोचले आहेत.

मग बाबांच्या रोगाचे मोजमाप होणार कसे? इथे खोलीला सगळे महत्त्व आहे. जपानी तज्ज्ञांनी १९६२ साली ‘आरंभीचा जठर कर्करोग’ याची जी व्याख्या केली ती आजही वापरली जाते. रोग आतले अस्तर किंवा त्याखालचा थर एवढ्यापुरता असेल, स्नायूपर्यंत पोहोचलेला नसेल, तर तो आरंभीचा. या दोन थरांतही फरक मोठा आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, जपानमधील ५,००० हून अधिक ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या अभ्यासात, रोग अस्तरापुरता असलेल्यांपैकी सुमारे २ टक्क्यांच्या गाठींत तो पोहोचला होता, तर खालच्या थरात शिरलेल्यांपैकी सुमारे १८ टक्क्यांच्या. आणि अस्तरापुरता, तीन सेंटिमीटरपर्यंतचा, डिफरन्शिएटेड प्रकारचा, रक्त किंवा लसीकावाहिन्यांत न शिरलेला रोग असलेल्या १,२०० हून अधिक रुग्णांत एकाच्याही गाठींत तो आढळला नाही. पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीतून डाग काढण्याचा विचार करत आहेत तो या आधारावर. तुमच्या पत्रातले वर्णन, म्हणजे आकार दोन सेंटिमीटरच्या आत, डिफरन्शिएटेड प्रकार, खोल व्रणाचा उल्लेख नाही, हे त्या उपचारासाठी अनुकूल आहे.

खोलीचा अंदाज दोन मार्गांनी घेतात. एंडोस्कोपिक सोनोग्राफीत दुर्बिणीच्या टोकाला बसवलेले सोनोग्राफीचे यंत्र भिंतीचे थर वेगवेगळे दाखवते. दुसरा मार्ग म्हणजे वाढीव भिंगाची, रंग किंवा विशेष प्रकाश वापरणारी दुर्बीण तपासणी, जिच्यात अनुभवी डोळे डागाच्या कडा आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांची रचना वाचतात. दोन्ही मार्ग परिपूर्ण नाहीत, अस्तर आणि त्याखालचा थर यांतला फरक सोनोग्राफीलाही कधीकधी चकवतो. म्हणून निर्णायक उत्तर मिळते ते डाग काढल्यावरच. त्या पद्धतीला डॉक्टर ‘ईएसडी’ म्हणतात. डागाखाली द्रव टोचून तो भाग उचलतात आणि दुर्बिणीतून जाणाऱ्या बारीक विद्युत-सुरीने एकसंध सोलून काढतात. जठर जागेवर राहते, पोटावर छेद जात नाही. रक्तस्राव आणि भिंतीला छिद्र पडणे हे धोके असतात, आणि ते करणाऱ्याच्या अनुभवावर बरेच अवलंबून असतात. ही पद्धत १९९० च्या दशकात जपानमध्ये विकसित झाली आणि आपल्याकडे सगळीकडे सारख्या सफाईने होत नाही, म्हणून ‘तुम्ही जठराचे ईएसडी किती वेळा केले आहे?’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

काढलेला तुकडा पुन्हा पॅथॉलॉजीत जातो आणि तिथे खरे मोजमाप होते. कडा मोकळ्या आहेत का, वाहिन्यांत शिरकाव आहे का, रोग खालच्या थरात शिरला असेल तर किती खोल. तिथे अर्धा मिलिमीटर ही सीमारेषा आहे. त्याहून खोल गेला असेल तर गाठींचा धोका वाढतो आणि जठराचा भाग गाठींसह काढणारे ऑपरेशन सुचवले जाते. अर्धा मिलिमीटर हा आकडा काकांना आवर्जून सांगा. जगातले कोणतेही पेट यंत्र तो मोजू शकत नाही, आणि बाबांचा पुढचा सगळा उपचार त्यावर ठरणार आहे. ऑपरेशन लागलेच तरी धीर सोडू नका, कारण या अवस्थेतील रुग्णांचे पाच वर्षे जगण्याचे प्रमाण योग्य उपचारानंतर ९० टक्क्यांच्या वर असते.

इतके वाचून कोणी पेट-सीटीच निरुपयोगी समजेल, तर तेही खरे नाही. भारतातला पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये मुंबईत, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला, आणि तेव्हापासून लिंफोमा, फुप्फुस, अन्ननलिका यांच्या कर्करोगात या तपासणीने असंख्य रुग्णांचे उपचार नेमके केले आहेत. जठराचा रोगही पुढे गेलेला असेल, सीटीत यकृतावर किंवा दूरच्या गाठीवर संशय असेल, किंवा ऑपरेशननंतर रोग परतला की काय असा प्रश्न असेल, तेव्हा ती उपयोगी पडते. तिथेही मर्यादा लक्षात ठेवाव्यात. नेदरलँड्समध्ये जठराच्या स्थानिक पातळीवर वाढलेल्या कर्करोगाच्या सुमारे ४०० रुग्णांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पेट-सीटीने ३ टक्के रुग्णांत दूर पसरलेला रोग दाखवला, तर पोटात लहान छिद्रातून कॅमेरा घालून पाहणाऱ्या लॅप्रोस्कोपीने जवळजवळ एक-पंचमांश रुग्णांत उदरपटलावर (पोटाच्या आतल्या आवरणावर) पसरलेला किंवा काढता न येण्याजोगा रोग दाखवला. म्हणून ज्यांचा रोग खोल गेला आहे अशा वाचकांनी ‘पेट झाले, आता लॅप्रोस्कोपी कशाला’ असे म्हणू नये.

ज्यांना ही तपासणी खरोखर करायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी चार ते सहा तास उपाशी राहावे लागते, रक्तातील साखर सामान्यतः २०० च्या खाली असावी लागते, मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी आतड्यातला अपटेक वाढवते म्हणून ती केव्हा थांबवायची हे केंद्राला विचारावे, आणि पूर्वीचा क्षयरोग, अलीकडचा ताप किंवा लस यांची माहिती अर्जावर न विसरता लिहावी, कारण अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांना ती नसली की साध्या सुजेची शंका मोठी होते. एका पेट-सीटीत मिळणारा किरणोत्सर्ग काही वर्षांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाइतका असतो. गरज असेल तेव्हा तो घाबरण्यासारखा नाही, पण हौसेने घेण्यासारखाही नाही. आणि उलट प्रसंग, म्हणजे दुसऱ्या कारणासाठी केलेल्या पेट-सीटीत जठर एका ठिकाणी उजळले, तर ते बहुधा जळजळ असते, तरीही एकदा दुर्बिणीने पाहून घ्यावे. कोणतीही महागडी तपासणी करण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा, की या तपासणीचे उत्तर ‘हो’ आले तर तुम्ही काय कराल आणि ‘नाही’ आले तर काय कराल? दोन्ही उत्तरे एकच असतील, तर ती तपासणी तूर्त नको.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मी बोलल्याशिवाय राहू शकत नाही. या सगळ्या चर्चेत काका आहेत, दादा आहेत, तुम्ही आहात, फक्त बाबा नाहीत. त्यांना धक्का बसू नये म्हणून तुम्ही ‘अल्सर’ म्हटले, त्यामागचे प्रेम मला समजते. पण दुर्बिणीतून डाग काढायचा, त्याचा अहवाल पाहून कदाचित ऑपरेशनही करायचे, पुढे अनेक वर्षे नियमित तपासणीला यायचे, हे सगळे त्यांच्या शरीरावर होणार आहे आणि संमतीच्या कागदावर सही त्यांची असणार आहे. अल्सर समजणारा माणूस ‘गोळ्यांनी बरे आहे’ म्हणून तपासणीला येणे बंद करील, आणि त्यात त्याची काही चूक नसेल. सुदैवाने त्यांना सांगण्यासारखी बातमी वाईट बातम्यांमधली चांगली आहे. जठराच्या अस्तरात कर्करोगाची छोटी सुरुवात सापडली आहे, ती लवकर सापडली आहे, आणि बहुधा जठर न काढता ती काढता येईल. डॉक्टरांच्या समोर, बसून, सावकाश सांगा. ते ऐकून त्यांनी काही दिवस गप्प राहायचे ठरवले तर तोही वेळ त्यांना द्या.

या आठवड्यात स्लाइड आणि ब्लॉकसाठी अर्ज करा, छातीच्या डॉक्टरांची वेळ घ्या, आणि पोटविकारतज्ज्ञांना एंडोस्कोपिक सोनोग्राफीची तारीख विचारा. ही तिन्ही कामे एकाच वेळी चालू शकतात. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा. हेलिकोबॅक्टरची तपासणी झाली आहे का तेही पाहा. झाली नसेल तर करून घ्या, आणि जंतू असेल तर औषधांचा पूर्ण कोर्स घेऊन तो गेल्याची खात्री करून घ्या. डाग काढल्यावर उरलेल्या जठरात नवा डाग येऊ शकतो, आणि कोरियात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जंतू घालवल्यावर ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. बाबा तंबाखू, विडी किंवा मिश्री वापरत असतील तर ती बंद करण्यासाठी हीच वेळ आहे. नंतरही सहा ते बारा महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी चालू राहील. दरम्यान डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, चक्कर किंवा पोटात अचानक तीव्र दुखणे यांपैकी काहीही झाले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.